कलमांची बाग, बँकेचं तारण आणि जर्मनीची तयारी

पत्र : मुलगा यंदा मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीयर झाला, सीजीपीए 7.6. पुढच्या ऑक्टोबरात मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं म्हणतो. आमची हापूसची बाग आणि वडिलोपार्जित घर आहे, त्यामुळे कर्जाला अडचण येऊ नये. एजंट म्हणतो, मे महिन्यात या, सगळं करून देतो. दिवाळी झाली, तोवर आम्ही काय करावं? सोबत खाण्याचं काय देता येईल, हे त्याच्या आईला विचारायचं आहे.
– एक बागायतदार पालक, रत्नागिरी तालुका

नमस्कार.

मे महिन्याची वाट बघू नका. पुष्कळ अभ्यासक्रमांची शेवटची तारीख 15 जुलै असते खरी, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी मार्च ते मेमध्येच दार बंद करणारे अभ्यासक्रमही कमी नाहीत. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथली पदवी आणि गुणपत्रिका तपासल्याचा दाखला, हवा. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये. मुलाचा निकाल हातात आहे, तर या आठवड्यातच अर्ज करू द्या.

गुणांचा हिशेबही घरीच करता येतो. कमाल गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागायचं, 3 ने गुणायचं आणि 1 मिळवायचा. 10 पैकी 7.6, उत्तीर्णतेची पातळी 4 धरली, तर जर्मन श्रेणी 2.2 येते. तिकडे आकडा लहान तितका चांगला. अनेक ठिकाणी 2.5 ची अट असते, तिथे मुलगा बसतो. एवढ्यासाठी एजंटला पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैसे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्याहून जास्त. खरा बोजा ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच सुटते त्या खात्याचा. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी भरून दाखवायचे. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखांच्या आसपास.

इथे तुमची बाग कामी येणार नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळाला, पण त्याच्याच कलम 31 मध्ये शेतजमीन वगळली आहे. आंब्याची कलमं कितीही उत्पन्न देवोत, शैक्षणिक कर्जाला बँक ती जमीन नको म्हणते. घराचंही तपासून घ्या. घर गावठाणात आहे, की सातबाऱ्यावर शेतीच असलेल्या जमिनीत? बिनशेती नसेल तर तेही अडतं.

उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर आधी वारसनोंद. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस, मग मंजुरी; सरळ चाललं तर एवढंच. पण मुंबईतले चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांची नावं लागतात, आणि मग घर एकाच्या नावावर करायचं तर हक्कसोडपत्रं. ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलीच हवीत. नोटरीचा कागद बँकेचा वकील बाजूला ठेवतो. शिमग्याला सगळे गावी येतील, तेव्हा सुट्टीचा दिवस टाळून नोंदणीची वेळ आधीच घेऊन ठेवा. एखादी आत्या रुसली तर वर्ष जातं. म्हणून दुसरा रस्ताही धरून ठेवा : मुंबईतल्या भावाची खोली, मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी तारण चालते.

आणखी एक खाच. आंब्याच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून बागायतदारांची रिटर्न भरलेली नसतात, आणि बँक तीच मागते. वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, आणि खात्यावरच्या जमा जोडा, पण घरात कुणी पगारदार असेल तर त्याला सहकर्जदार करणं अधिक सोपं. कर्जाची रक्कम बँकेतून परस्पर परदेशी गेली तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो आयकर, लागत नाही. स्वतःचे पैसे वर्षाला 10 लाखांवर पाठवले तर लागतो.

व्हिसाची मुलाखत बहुधा भर पावसात, मुंबईला. कोकण रेल्वेचं तेव्हा पावसाळी वेळापत्रक असतं आणि दरड कधी येईल सांगता येत नाही, तर आदल्या दिवशीच पोहोचा. विमानाच्या सुमारास गणपतीहून परतणाऱ्यांची गर्दी असेल. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकीट काढा.

प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज. तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ही नोंदणी अडली की बँक खातं रेंगाळतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला सुटणारे 992 युरो त्याच खात्यावर यायचे असतात. खोलीची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. पहिल्या दीड महिन्याचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा ठेवा, अनामत त्याशिवाय.

आता त्याच्या आईसाठी. तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. सुकी मासळी मात्र 20 किलोपर्यंत चालते, सोडेही त्यातच. ताजा आंबा किंवा कढीपत्ता वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जात नाही, म्हणून मे महिन्यात हापूसची पेटी पाठवायचा विचार नको. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ खुशाल द्या. सुकं खोबरं देऊ नका, तेलामुळे ते पेट घेतं म्हणून विमानाच्या सामानात मनाई आहे. खोबऱ्याचा मसाला नेण्यापेक्षा नुसता लाल मसाला बरा, नारळ तिकडच्या आशियाई दुकानांत मिळतो. सोडे दोन हवाबंद पिशव्यांत आणि कपड्यांपासून लांब ठेवा, नाहीतर पहिल्या तासाला वर्गात शेजारी कुणी बसायचं नाही.