त्यांच्या नकळत औषध देऊ नका

ताई, माझे यजमान साखर कारखान्यात नोकरीला आहेत. बारा वर्षांपासून पितात. आता सकाळी उताऱ्याचा घोट घेतल्याशिवाय त्यांना चहाचा कपही धरता येत नाही, इतके हात कापतात. दोन वर्षांपूर्वी आषाढीला त्यांनी माळ घातली आणि दारू एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ओरडू लागले. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेवटी दिरांनी क्वार्टर आणून दिली तेव्हा शांत झाले. माळ देवघरात पडून आहे. आता शेजारणीने दारू सोडवणारी पूड आणून दिली आहे. त्यांना न सांगता आमटीत कालवायची म्हणते. देऊ का? आणि माझेच काही चुकले असेल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

प्रिय भगिनी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखे नाही. ती पूड आमटीत घालू नका. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे एक औषध खरोखरच आहे आणि मनोविकारतज्ज्ञ ते देतातही. परंतु ते घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली, तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. त्याचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणूनच रुग्णाच्या तपासण्या करून, त्याला सगळे समजावून आणि त्याची संमती घेऊनच ते द्यायचे असते. तुमच्या पुडीत हेच औषध आहे की आणखी काही, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, आणि ज्यांच्या ताटात ती जाईल त्यांना तर आपण काही घेतले आहे याचीच कल्पना नसेल. शिवाय उद्या हे उघडकीस आले, तर घरच्या अन्नावरचा त्यांचा विश्वास उडेल, आणि उपचारासाठी तोच विश्वास तुम्हाला लागणार आहे.

आता त्या तिसऱ्या रात्रीविषयी. ते नाटक नव्हते आणि बाहेरची बाधाही नव्हती. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेत स्वतःला अधिकाधिक चेतवत राहतो. दारू अचानक थांबली की ती गुंगी जाते, पण चेतवलेपण तसेच राहते. त्यामुळे काही तासांतच हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणाला फिट येते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, वेळकाळाचे भान सुटते. ही वैद्यकीय आणीबाणी आहे, वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात माणसे दगावतात. दिरांनी दिलेल्या क्वार्टरने ते शांत झाले याचे कारण मेंदूला हवी असलेली गुंगी परत मिळाली, एवढेच. तुमच्या यजमानांची माळेवर श्रद्धा नव्हती असे मी मुळीच म्हणणार नाही. तीन दिवस त्यांनी जे सोसले, ते श्रद्धेशिवाय सोसवत नाही. परंतु त्या दिवसांत त्यांना रुग्णालयातील खाटेची, मेंदू शांत ठेवून हळूहळू कमी करत नेण्याच्या औषधांची आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांची गरज होती. म्हणून पुन्हा कधीही, कितीही निर्धाराने, त्यांना घरच्या घरी एकदम दारू बंद करायला लावू नका.

व्यसन हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने फार पूर्वीच मान्य केले आहे. तरीही, केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसलाही उपचार मिळालेला होता. उरलेल्या ३७ घरांत काय होत असेल? तुमच्याकडे झाले तेच, असे मला वाटते: शपथा, दृष्ट, उसनवारी आणि कारखान्यात ‘त्यांना ताप आहे’ असा निरोप.

त्या निरोपाबद्दल थोडे बोलायला हवे. तुमच्या नवऱ्याला दारू तुमच्यामुळे लागलेली नाही. तुमच्या स्वयंपाकामुळे नाही, बोलण्यामुळे नाही आणि गप्प राहण्यामुळेही नाही. पण त्यांच्यासाठी खोटे बोलणे आणि त्यांची उधारी फेडणे आता थांबवा. हे कठोर वाटेल, मला ठाऊक आहे. दारूमुळे होणारे नुकसान तुम्ही अंगावर झेलत राहिलात, तर त्यांना ते दिसणारच नाही.

बोलायचे असेल तर सकाळी, ते त्यातल्या त्यात शुद्धीवर असताना, दोघांतच बोला. ‘तुम्ही दारुडे आहात’ असे म्हणू नका. ‘त्या रात्री मुंग्या दिसत होत्या, मी घाबरले होते, हाताच्या कापण्यासाठी एकदा डॉक्टरांकडे जाऊ’ एवढेच मागणे ठेवा. आयुष्यभराच्या वचनापेक्षा एका तपासणीला होकार मिळवणे सोपे असते.

कोणी ‘उचलून नेणाऱ्या’ केंद्राचा पत्ता देईल, त्याच्या नादी लागू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक आजारांनाही लागू होतो. त्यानुसार संमतीविना दाखल करण्यासाठी मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागापासून सुरुवात करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तेथे शरीरातून दारू उतरवण्यापुरता उपचार न थांबवता समुपदेशन आणि गटचर्चा यांवर भर दिला जातो, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही आहे. दाखल होऊन आल्यावर ते पुन्हा प्यायले, ज्याला तिथे ‘स्लिप’ म्हणतात, तर सगळे वाया गेले असे समजू नका. मधुमेह्याची साखर वाढली की आपण डॉक्टरांकडे जातो, तसेच पुन्हा जायचे असते.

ते यायला तयार नसतील, तर पहिल्या खेपेला तुम्ही एकट्याच जा. रोज किती पितात, सकाळचा घोट कधीपासून लागला, त्या तिसऱ्या रात्री नेमके काय झाले, पूर्वी कधी फिट आली होती का, हे एका कागदावर लिहून न्या. आणि शेजारणीने दिलेली ती पुडी टाकून न देता पिशवीत घाला, डॉक्टरांना दाखवा.