घरी इंजिन खोलायला स्वस्तातला तीन चाकी स्टँड चालेल का?

स्टँड म्हणजे चाकांवरचा उभा खांब, त्याच्या फिरत्या प्लेटला चार हातांनी इंजिन मागून बोल्टने धरलं की ते उलटंसुलटं करता येतं. तुम्ही लिहिलंय की चार सिलिंडरचं इंजिन गाडीतून काढून घरीच खोलायचंय, हातात पैसे बेताचे आहेत, आणि तीन चाकी स्टँडवर 340 किलो असं स्पष्ट लिहिलेलं असताना चार चाकीला जास्त पैसे का घालायचे. शेवटी फोल्डिंगचा घ्यावा का, हेही विचारलंय.

तीन चाकी घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण 'इंजिन 150 किलोचं, स्टँड 340 चा, मग अडचण काय?' हे तुमचं वाक्य माझ्या दाजींनी मला जसंच्या तसं ऐकवलं होतं. त्यानंतर तासाभरात ते इंजिन स्टँडसकट जमिनीवर आडवं पडलं होतं.

ओतीव लोखंडी ब्लॉकचं (म्हणजे मुख्य सांगाड्याचं) डिझेल इंजिन होतं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा जड भाग, अजून वरच होतं. स्टँड दाजींनी कुणाकडून तरी मागून आणला होता: उभ्या खांबाच्या बुडाशी आडव्या पाइपावर दोन चाकं, आणि इंजिनाखाली येणाऱ्या लांब पायाच्या टोकाला एकच चाक, लोखंडी, व्यास जेमतेम 3 इंच. इंजिन चढवलं, बोल्ट आवळले, सगळं ठाकठीक दिसत होतं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाचं ऑइलचं भांडं, उघडायचं म्हणून इंजिन उलटं करायला मी लॉकिंग पिन (प्लेट फिरू नये म्हणून घातलेली) ओढली, तर ती निघेना. तिथेच थांबायला हवं होतं. पिन घट्ट अडकते याचा अर्थ तिच्यावर भार आलाय, इंजिन स्वतःहून फिरायला बघतंय. आम्ही हातोडीने दोन टोले देऊन ती काढली. काढताक्षणी प्लेट फिरवायचा दांडा माझ्या हातातून सुटला, गर्रकन फिरला आणि मनगटावर बसला. इंजिन उलटं होऊन झुलत झुलत थांबलं. पिन परत घातली.

मनगट दुखत होतं, पण काम अर्धवट सोडायचं नव्हतं. दाजी म्हणाले, "उजेडात घेऊ या." ते पुढून ओढत होते, मी बाजूने लोटत होतो. कोब्यात दोन तुकड्यांच्या मधे सांधा असतो ना, बोटाच्या पेराएवढा, त्यात पुढचं चाक बसलं. चाक अडलं तरी वरचं वजन जायचं तिकडे निघालंच. माझ्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलेलं मला दिसलं, चार बोटं, मग वीतभर. आवाज काहीच नाही. मी धरायला हात पुढे केला आणि दाजींनी पलीकडून येऊन माझी कॉलर धरून मला मागे खेचलं. त्यांचे हे उपकार मी आजही मानतो. इंजिन पडताना कुणीही धरायला जायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

ब्लॉकला जिथे बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) बसतं, तिथला एक कान बोल्टसकट तुटला. ब्लॉक भंगारात गेला.

तेव्हापासून दाजींचं एकच म्हणणं: "अरे, स्टँड मोडला का? वेल्डिंग सुटलं का? मग त्याचा काय दोष? तू आडवं लोटलंस." आणि मी म्हणतो, अहो दाजी, मोडला नाही हेच तर मी सांगतोय! स्टँडवर छापलेला आकडा लोखंड किती वजन पेलेल हे सांगतो. तो उलटेल की नाही, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

तुम्हाला पटत नसेल तर दुकानातच खडू घेऊन बसा. स्टँडच्या चाकांखाली खुणा करा आणि रेघेने जोडा. तीन चाकीचा त्रिकोण होईल. मागची रुंदी समजा 80 सेंमी आहे, पुढच्या टोकाला ती शून्य. इंजिनाचं वजन साधारण मधोमध येतं, तिथे रुंदी उरते 40, म्हणजे मध्यरेषेपासून एका बाजूला फक्त 20 सेंमी. आणि ते वजन जमिनीपासून 85 ते 90 सेंमी उंच लटकलेलं. इंजिनाच्या मध्यातून ओळंबा सोडलाय असं धरा. तो ओळंबा रेघेबाहेर गेला की संपलं. त्याला 12-13 अंशांचा कल पुरतो. चारही कोपऱ्यांना चाकं असतील आणि पुढची रुंदीही तेवढीच असेल, तर हाच कोन जवळजवळ दुप्पट होतो. मी हे दाजींना खडूने काढून दाखवलंय. ते बघत राहिले, आणि म्हणाले, "तरी पण तू आडवं लोटलंस."

आडवं लोटलं तर पडतो, तो स्टँड घरच्या कामाचाच नाही. घरी आपण आडवं लोटतोच. हेडचे बोल्ट अंशांत फिरवून आवळतो तेव्हा पान्याचा सगळा जोर आडवाच जातो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पुढे येतो तिथल्या पुलीचा बोल्ट तर विचारूच नका, तो सोडवताना अख्खा माणूस पान्यावर लोंबकळतो.

आता खरेदीला जाल तेव्हा एका गोष्टीत फसू नका. बरेच चार चाकी स्टँड नावालाच चार चाकी असतात. पुढची दोन चाकं एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात, म्हणजे तो तीन चाकीच झाला. टेप घेऊन जा आणि पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मोजा. मागच्याच्या जवळपास असेल तरच घ्या. चाकं जेवढी मोठी तेवढी चांगली, कारण लहान चाकाला खडासुद्धा डोंगर असतो. क्षमतेचं म्हणाल तर इंजिनाच्या दुप्पट तरी हवी, आणि तुमच्या कामाला 450 किलोवाला बरा. इंजिन एका टोकाला धरलेलं असतं, बाकी सगळं हवेत, हे विसरू नका. 150 किलोचा मध्य प्लेटपासून 30 सेंमीवर असेल तर खांबावर जेवढा पीळ येतो, त्याच्या दीडपट 45 सेंमीवर येतो, वजन तेच असून. म्हणून पकडीचे हात शक्य तितके आखूड राहतील असं बसवा.

बोल्टबद्दल दाजींचं आणि माझं दुसरं भांडण आहे, आणि यात ते अर्धे बरोबर आहेत, हेही सांगतो. ते म्हणतात, साधा 8.8 चा बोल्ट पुरतो. खरं आहे. डोक्यावरच्या 8.8 चा अर्थ 800 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला तुटणार आणि त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जाणार नाही. 10 मिमीचा असा एक बोल्ट 3 टनांहून जास्त ओढ सहन करतो. इंजिनाची ओढ त्यापुढे किरकोळ आहे. पण बोल्ट तुटत नाही, आटे निघतात. गिअरबॉक्सचे मूळ बोल्ट इथे चालत नाहीत, कारण मधे स्टँडच्या हाताची जाडी येते आणि ब्लॉकमध्ये जेमतेम तीन-चार आटे उरतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीड ते दोनपट खोल आटे धरले पाहिजेत, म्हणजे 10 मिमीच्या बोल्टला 15 ते 20 मिमी. लांब बोल्ट घ्या, पण आधी भोकाची खोली काडीने मोजा. बोल्ट तळाला टेकला तर पाना घट्ट लागतो आणि पकड मात्र ढिली राहते, आणि हे बाहेरून कळत नाही. चारही बोल्ट शक्य तितके लांब-लांबच्या भोकांत घाला, दोन वर, दोन खाली.

मनगटाचं सांगतो. आम्ही प्लेट क्रँकच्या मध्याशी धरली होती, दिसायला तेच बरोबर वाटतं. पण हेड चढलेलं असताना इंजिनाचा गुरुत्वमध्य क्रँकच्या बराच वर असतो. फिरण्याचा अक्ष तिथे यायला हवा. स्टँडचे हात प्लेटवर सैल ठेवून, होइस्टची (इंजिन उचलायच्या क्रेनची) साखळी अजून लावलेली असतानाच पिन काढून थोडं हलवून बघा. इंजिन कुठेही सोडलं तरी तिथेच राहिलं, की अक्ष जुळला. मग सगळं आवळा. हेड उतरवल्यावर हा तोल बदलतो, तेव्हा पिनला पुन्हा हात लावताना दांडा दोन्ही हातांत ठेवा. हँडल मारून गिअरने फिरणारे स्टँड येतात, त्यात इंजिन स्वतःहून फिरत नाही. परवडत असेल तर पैसे तिथे घाला, रंगात आणि अवजारांच्या ट्रेमध्ये नको. स्टँड फिरतो त्या नळीत ग्रीस भरा. कोरडा आला तर दुसऱ्या दिवसापासून कुरकुरतो.

माझा आत्ताचा स्टँड चार चाकी आहे, पुढची रुंदी मागच्याएवढी, आणि मी इंजिन चढवलेला स्टँड ढकलत नाहीच. जिथे काम करायचं तिथेच स्टँड नेतो आणि इंजिन होइस्टने तिथे आणतो. सरकवावाच लागला तर आधी झाडू मारतो, मग बुडाचा पाइप धरून, वाकून, लांबीच्या दिशेने ढकलतो. खांबाला किंवा इंजिनाला हात लावून नाही.

फोल्डिंगचं विचारलंत. जागा नसेल तर घ्या, पण बिजागरीच्या पिनांत खेळ किती आहे ते हलवून बघा. बाकी त्यावर माझं काही म्हणणं नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मी मेकॅनिक नाही, घरी मोजकीच इंजिनं खोललीत, आणि सगळी चार सिलिंडरचीच. त्याहून मोठं असेल तर माझे आकडे धरू नका. नुसता हेड गॅस्केट बदलायचा असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन बाहेर काढायचीही गरज नसते, मग स्टँड कशाला? इंजिन चढवण्याआधी फ्लायव्हील आणि क्लच उतरवावा लागतो, आणि मागचं ऑइल सील स्टँडवर असताना बहुधा बदलता येत नाही, कारण प्लेट तिथेच आडवी येते. ते काम इंजिन होइस्टला टांगलेलं असताना करावं लागतं, त्याची वेळ आधीच ठरवा. ऑइल आणि कूलंट पूर्ण काढल्याशिवाय उलटं करू नका. काम लांबलं आणि इंजिन महिनाभर तसंच राहणार असेल, तर पुढच्या टोकाखाली लाकडी ठोकळे लावून आधार द्या. क्रँक पुलीचा बोल्ट सोडवतानाही हाच आधार लावा, आणि पलीकडून एक माणूस उभा करा. इंजिनाखाली डोकं किंवा हात घालून काम करायचं नाही, पिन लावलेली असली तरी.

आणि स्टँड घ्यायच्या आधी होइस्टच्या दोन पायांमधलं अंतर मोजून ठेवा. रुंद चार चाकी स्टँड त्या पायांत बसत नसेल तर इंजिन प्लेटपर्यंत पोचवायला होइस्टचा दांडा लांब करावा लागतो, आणि दांडा लांब केला की होइस्टची क्षमता झपाट्याने उतरते. दांड्याची लांबी ठरवणाऱ्या प्रत्येक भोकापाशी ती लिहिलेली असते, ती वाचा.