सामुग्री नव्हे, सामग्री. आणि त्यातून निघालेलं औत

जालन्याहून एका बाईंचा प्रश्न आलाय. संडेस्कूलच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेच्या, मुलांना पुठ्ठ्याचं चिलखत चढवून छोटा प्रवेश बसवायचाय. मागच्या फलकावर 'देवाची शस्त्रसामुग्री' लिहू की 'देवाचं कवच'?

बाई, आधी तो 'मु' पुसा. पूजासामुग्री, साधनसामुग्री, बांधकाम सामुग्री... दुकानाच्या पाटीपासून बातम्यांपर्यंत हे ऐकून कान किटले. 'समूह' आणि 'सामुदायिक' यांच्या संगतीनं बिघडला असावा बिचारा. शब्द आहे सामग्री, आणि त्याच्या पोटात 'समग्र' बसलाय. समग्रपणा, म्हणजे काही कमी नसणं, ती सामग्री. 'मु' घातलात की पोटातला समग्र गेला.

आणि इथं तो जाऊन चालणारच नाही. हा शब्दप्रयोग बायबलातला, प्रेषित पौलाच्या नावच्या इफिसकरांस पत्राचा. त्याच्या ६व्या अध्यायात मूळ ग्रीक शब्द आहे 'पानोप्लिया'. पान म्हणजे सर्व, होप्ला म्हणजे हत्यारं. शिपायाच्या अंगावरचा अख्खा सरंजाम. लॅटिनमध्ये जाताना नुसतं 'आर्मातुरा' उरलं, 'सर्व' वाटेत सांडलं. १६११च्या इंग्रजी बायबलाला 'होल आर्मर' असे दोन शब्द खर्चावे लागले. आपल्या मराठी भाषांतरकारानं 'शस्त्रसामग्री' लिहिलं आणि ग्रीकमधला 'पान' त्या 'समग्र'च्या रूपानं गुपचूप आत येऊन बसला! हे ठरवून केलं की सहज साधलं, मला दोन्ही चालेल. मी तर हे ध्यानात आलं त्या दिवशी घरभर सांगत सुटलो होतो. कोणी फारसं ऐकलं नाही.

'कवच' लिहा म्हणणारे एक जाणकार आहेत. त्यांचा हिशोब असा : पौलाच्या यादीत कमरेचा पट्टा, उरस्त्राण, पायताण, ढाल, शिरस्त्राण आणि तलवार, या सहांत मारायची वस्तू एकच, मग 'शस्त्र' कशाला? हिशोब बरोबर, निकाल चूक. कवच म्हटलं की मराठी माणसाला कर्ण आठवतो, आणि कर्णाचं कवच जन्मतःच अंगाला चिकटलेलं. किंवा रामरक्षा आठवते : 'शिरो मे राघवः पातु', तिथं एकेक अवयव देवाच्या एकेका नावाच्या हवाली आहे. पौलाकडं तसं नाही. तिथं सत्य कमरेला कसायचं, नीतिमत्त्व छातीवर बांधायचं, विश्वास हाती धरायचा, म्हणजे माणसानं स्वतः एकेक वस्तू चढवायची. शिवाय हा सरंजाम मुळात माणसाचा नाहीच. बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, ५९व्या अध्यायात, तेच उरस्त्राण आणि तेच शिरस्त्राण खुद्द परमेश्वर घालतो. 'देवाची' मधला 'ची' खरोखरीचा आहे, हे त्या जाणकारांनी वाचलेलं दिसत नाही.

एक मात्र त्यांना द्यावं लागेल. 'शस्त्र' हा 'शस्' म्हणजे कापणे या धातूतला. पायताणानं काय कापणार? पण ग्रीक 'होप्लोन' तसा नाही. त्यात शिपायाचं हत्यार येतं, कारागिराचं अवजार येतं, गलबताची दोरखंडंसुद्धा येतात. असा दुहेरी शब्द मराठीत नाही म्हणता? आमच्याकडं मराठवाड्यात रोज शेतात जातो की! औत. जुनं रूप आऊत. माझ्या मते हा 'आयुध'चाच वंशज : लढायचं हत्यार, मग कोणतंही अवजार, मग नांगर-वखर, आणि शेवटी बैलजोडीसकट सगळं. काही जण त्याला जुंपण्याच्या 'युज्'कडं ओढतात, 'ध'चा 'त' कसा झाला म्हणून मला अडवतात. ओढू द्या. औत धरलेल्या माणसाला जरा विचारा, ते त्याचं आयुध आहे की नाही. आणि बायबल तर माझ्याच बाजूचं : यशया म्हणतो लोक तलवारींचे फाळ करतील, योएल हा दुसरा संदेष्टा उलट फाळांच्या तलवारी करायला सांगतो. हत्यार आणि औत यांच्यात अंतर एका लोहाराच्या भात्याएवढंच. माझं चाललं तर फलकावर 'देवाचं औत' लिहीन. पण मुलांचे आईबाप वखर शोधत बसतील, तेव्हा राहू द्या.

हां, फलक. 'देवाची शस्त्रसामग्री' लिहा, 'म'ला उकार न देता.

आणि पुठ्ठा कापताना ढाल गोल कापू नका. मावळ्याची ढाल गोल. पौलाच्या डोळ्यांपुढची रोमी ढाल उभी, लांबट, माणूस आडोशाला लपेल एवढी. तिचं ग्रीक नाव 'थुरेओस', ते 'थुरा'वरून, आणि थुरा म्हणजे दार. आपलं संस्कृत 'द्वार' आणि मराठी 'दार' त्याच घराण्यातलं. फ्रिजच्या खोक्याची एक बाजू पुरेल.