आधी पैसे कुठे ते सांगा, मग नोट छापा

गणपती दीड महिन्यावर आले की बडोद्यातल्या मंडळांचे फोन सुरू होतात. सी.ए.च्या धंद्यात हा एक जादा सीझनच आहे. यंदा निम्म्या पत्रांत ‘आपलं स्वतःचं चलन’ हाच विषय आहे, म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तर देतो.

आनंदमेळ्यात खाण्याच्या स्टॉलसाठी मंडळ २० रुपयांची कूपनं विकतं. त्यात काही गैर? (सुलतानपुरा)

सहसा नाही. कूपन त्या मैदानापुरतं आणि त्या संध्याकाळपुरतं ठेवा. उरलेल्यांचे पैसे त्याच रात्री परत करा.

दुकानदार सुट्ट्याऐवजी चॉकलेट हातावर टेकवतो आणि १० रुपयांचं नाणं मात्र घेत नाही. (मांजलपूर)

चॉकलेट परत करा. नाणं चालतं. ‘दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं’ हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान आहे. १४ वेगवेगळ्या डिझाइनची नाणी चलनात असून ती सगळी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलं आहे.

आजोबांच्या पेटीत सयाजीराव महाराजांचा रुपया सापडला. तेव्हा बडोद्याचं स्वतःचं चलन होतं, मग आज का नको? शिवाय ऑनलाइन कोणी त्याचे ५ लाख द्यायला तयार आहे. (दांडिया बाजार)

तेव्हा नाणं पाडणारं सरकार बडोद्याचं होतं. ‘सेना खास खेल समशेर बहादुर’ ही गायकवाडांची पदवी त्याच हक्कानं नाण्यावर यायची. तुमचं मंडळ समशेर बहादुर नाही. पाच लाखवाला आधी ‘प्रोसेसिंग फी’ मागेल. एक रुपयाही देऊ नका. अशा जाहिरातींत आपलं नाव वापरलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये दिला होता. नाणं पितांबरीनं घासू नका आणि विकायच्या आधी जाणकाराला दाखवा.

आमच्या भागातली ४० घरं आणि १२ दुकानं मिळून ‘मोदक’ नावाच्या ५० आणि १०० च्या नोटा काढणार आहोत. किराणा, पोळीभाजी केंद्र, शिंपी, टेम्पो सगळीकडे चालतील आणि पैसा भागातच फिरेल. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावानं हेच केलं. छपाईवाला होलोग्रामसकट द्यायला तयार आहे. (कारेलीबाग)

छपाईवाला तयार असणारच, त्याला मजुरी मिळते. तुम्ही पाठवलेला नमुना माझ्यासमोर आहे: केशरी कागद, झकास मोदक, आणि खाली ‘धारकास मागताच १०० रुपये अदा केले जातील’. ही ओळ कोणी सुचवली? धारकाला मागताच पैसे देण्याचं असं वचनपत्र रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याशिवाय कोणाला काढता येत नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ वाचा. ओळ खोडली म्हणजे सुटलात असंही नाही. एका दुकानानं फक्त स्वतःच्या मालासाठी कूपन दिलं तर तो त्याचा घरचा मामला. तेच कूपन शेजारच्या शिंप्याकडे चालायला लागलं की २००७ चा पेमेंट व्यवस्थांचा कायदा आणि परवानगी, दोन्ही प्रश्न उभे राहतात.

व्योर्गलची गोष्ट फॉरवर्ड करणारे तिचा अर्धा भाग गाळतात. १९३२ मध्ये तिथल्या महापौरानं नोटा काढल्या, दर महिन्याला १ टक्क्याचं तिकीट चिकटवल्याशिवाय त्या चालत नसत, म्हणून लोक झटपट खर्च करत. हे बरोबर. पण त्या नोटांमागे सरकारी चलनातले खरे शिलिंग बँकेत ठेवले होते. आणि १९३३ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेनं तो प्रयोग बंद पाडला.

तुमच्या चार पानी पत्रात ४० घरांचे पैसे कोणत्या खात्यात राहणार, सह्या कोणाच्या, याबद्दल एक ओळ नाही. नोट म्हणजे उधारी, मोदक काढला तरी. किराणावाल्याकडे महिनाअखेर ३०० नोटा साठल्या आणि खजिनदार मुलाकडे पुण्याला गेलेले असले, तर त्यानं घाऊक व्यापाऱ्याला काय द्यायचं? माझ्या ओळखीच्या एका मंडळात विकलेल्या कूपनांपेक्षा परत आलेली जास्त निघाली. नंबर नव्हते आणि कोपऱ्यावर रंगीत झेरॉक्स होतं. चार जुने मित्र अजून एकमेकांकडे गणपतीला जात नाहीत.

वकिलाचं लेखी मत घेतल्याशिवाय एक नोटही वाटू नका.

नोटा न छापता वहीत नोंद ठेवली तर? मी शिकवणी घेईन, तो माझा पंखा दुरुस्त करेल. (रावपुरा)

हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं. कॅनडात कोर्टनी इथं १९८३ मध्ये अशी देवघेवीची खाती सुरू झाली. शेजारधर्म असेल तोवर ठीक. धंदा म्हणून केलंत तर मोबदला वस्तूत घेतला तरी कराचा प्रश्न येतोच, जीएसटीत अदलाबदलही धरतात. आकडा मोठा व्हायच्या आधी आपल्या सी.ए.ला विचारा.

छपाईचा ॲडव्हान्स देऊन झालाय, आता काय? (पुन्हा कारेलीबाग!)

आजच फोन करून मशीन थांबवा. होलोग्रामचे पैसे गेले समजा. शनिवारी सकाळी भेटा आणि येताना ठरावाची वही आणा. खजिनदारांनाही.