निकालानंतरचा अबोला

"निवडणूक संपली, सरकार बसले, तरी आमच्या घरातला अबोला संपत नाही, मी कोणाकोणाची समजूत काढू?" २०२४ च्या जून महिन्यात, लोकसभेच्या निकालानंतर, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या स्त्रियांमध्ये कोणी आई होती, कोणी सून, कोणी दोन भावांमध्ये अडकलेली बहीण. त्यांपैकी हडपसरच्या एका काकूंची हकिकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडते आहे.

काकूंचे वय ६१, यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगा खासगी कंपनीत, सून शिक्षिका आणि सात वर्षांची नात. १३ मे रोजी चौघांनी एकाच केंद्रावर मतदान केले आणि शाई लावलेल्या चार बोटांचे छायाचित्र नातेवाइकांना पाठवले. हे घर वर्षानुवर्षे घड्याळाच्या चिन्हाचे होते. पक्षाची दोन शकले झाल्यावर घड्याळ एका गटाकडे गेले, दुसऱ्याला तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळाले, आणि शिरूर मतदारसंघात हे दोघे समोरासमोर उभे राहिले. ज्या घरांमध्ये मतभेद कधी नव्हतेच, त्या घरांना मतभेद हाताळण्याची सवयही नव्हती, आणि म्हणूनच त्या वर्षी अशा घरांमधील भांडणे मला अधिक कडवट वाटली. घरात कोणी कोणते बटण दाबले, हे मी लिहिणार नाही. त्याची येथे गरजही नाही.

४ जूनला सकाळी आठपासून दूरचित्रवाणी सुरू होती. काकूंनी मोसमातला शेवटचा आमरस काढला होता. त्या दिवशीचा निकालच असा होता की कोणालाही शांतपणे उठून जाता येईना. देशात सर्वांत मोठ्या पक्षाला २४० जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताच्या २७२ पेक्षा कमी, पण आघाडीच्या बळावर सत्ता त्यांच्याकडेच राहिली. महाराष्ट्रात मात्र ४८ पैकी ३० जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. बाप आणि लेक दोघांनाही आपलाच मुद्दा खरा ठरल्यासारखे वाटत होते आणि दोघांनाही आपले काहीतरी हिरावले गेल्याचे दुःख होते. दुपारी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर चिन्ह बघून बटण दाबलंत, विचार कधी केलात?" त्यावर वडील म्हणाले, "हे घर माझं आहे. ज्याला पटत नसेल त्याने आपली सोय बघावी." घराचा वरचा मजला मुलाने कर्ज काढून बांधला होता. आमरसाच्या वाट्या तशाच राहिल्या.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा या गोष्टीला नऊ दिवस झाले होते आणि त्यांना वाटत होते की मी दोघांना बोलावून राजकारणावर काही मध्यममार्ग सुचवावा. यजमानांनी येण्यास साफ नकार दिला होता. मला त्याची फारशी चिंता वाटली नाही, कारण जी जखम होती ती राजकारणाची नव्हतीच. "तुम्हाला विचार करता येत नाही" आणि "हे घर तुझे नाही" ही ती दोन वाक्ये होती. पक्षांची नावे त्यांतून काढून टाकली तरी ती तेवढीच बोचली असती. मी काकूंना एवढेच विचारले, की मग गेले नऊ दिवस घर चालले कसे? त्या सहज म्हणाल्या, "मी आहे ना. ह्यांचं त्याला सांगते, त्याचं ह्यांना सांगते."

पहिल्या भेटीनंतर मी त्यांना एक दिवसभर हे निरोप मोजायला सांगितले. त्यांनी दिनदर्शिकेच्या मागे रेघा ओढल्या, त्या १७ भरल्या. वीजबिल भरले का, गाडीची किल्ली कुठे आहे, नातीच्या शाळेची फी किती, जेवायला खाली येणार की वर पाठवू. शिवाय प्रत्येक निरोप पोचवताना त्यातील तिखट शब्द काढून टाकण्याचे काम त्या करत होत्या, आणि रात्री झोप येत नव्हती ती या कामामुळे. अबोला धरणाऱ्या दोन माणसांना अबोल्याची झळ लागू नये, याची संपूर्ण व्यवस्था तिसऱ्या माणसाने केली की तो महिनोन्महिने टिकतो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि तो तिसरा माणूस बहुतेक वेळा घरातली स्त्रीच असते, याचा मला मनापासून त्रास होतो.

आम्ही एक वाक्य ठरवले: "हे तुम्ही त्यालाच विचारा." रागाने नाही, टोमण्याने नाही, भाजी निवडता निवडता म्हणावे तसे. ऐकायला सोपे असलेले हे वाक्य ३५ वर्षे संसार केलेल्या बाईला म्हणणे किती जड जाते, ते पुढच्या भेटीत त्यांच्या डोळ्यांत दिसले. वीजबिलाची मुदत टळली आणि दंड बसला. यजमान म्हणाले, "तूही त्याच्याच बाजूची झालीस." एकदा रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा काकूंनी मुलाला सांगून त्या आणवल्या आणि आपण नियम मोडला म्हणून माझ्यासमोर अपराधी चेहऱ्याने बसल्या. मी त्यांना सांगितले की औषध हा निरोप नव्हे. ज्यात जिवाची काळजी आहे तिथे हा नियम लावायचाच नाही.

त्याच भेटीत मी सहज म्हणाले की या सगळ्यात तुमचे मत कोणी विचारले का. काकू बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मी कोणाला दिलं हे दोघांनीही विचारलं नाही. माझं त्यांच्यासारखंच असणार, असं दोघांनीही धरलं." मतदान गुप्त असते, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ती गुप्तता राखली आहे, तेव्हा सांगायचे की नाही हा सर्वस्वी तुमचा अधिकार आहे, असे मी म्हटल्यावर त्या ताठ बसल्या. "मग नाहीच सांगणार. या घरात कोणाला न विचारता घेतलेला तेवढा एकच निर्णय आहे माझा." त्या दिवसापासून ठरवलेले वाक्य त्यांच्या तोंडून अडखळेनासे झाले.

हा मार्ग प्रत्येक घराला लागू नाही. घरात हात उगारला जात असेल, कोणाला खरोखरच बाहेर काढले जात असेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, जेवण आणि रोजचे काम बिघडून जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी करत असेल, तर अबोला सुटण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखवावे, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.

त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पालख्या पुण्यातून निघून हडपसरवरून पुढे जाणार होत्या. काकूंच्या घरातून दरवर्षी वारकऱ्यांना चहा दिला जातो आणि चहाचे मोठे पातेले बाप-लेक दोन बाजूंनी धरून रस्त्यापर्यंत नेतात. या वेळी ते कोण उचलणार, याचा विषय काकूंनी काढला नाही. दूध आणून ठेवले, आले किसून ठेवले आणि त्या देवपूजेला बसल्या. आदल्या रात्री मुलगा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "बाबा, पातेलं किती वाजता न्यायचं?" वर्तमानपत्र खाली न घेता उत्तर आले, "पाचला. आणि तू जपून, मागच्या वर्षी भाजलं होतं तुला."

शेवटच्या भेटीत काकूंनी मला सांगितले की त्या दोन वाक्यांबद्दल अजून कोणीही माफी मागितलेली नाही आणि ती मागितली जावी असे त्यांना वाटते. मलाही तसेच वाटते. पण ते आता त्या दोघांनी एकमेकांना सांगायचे आहे. गेल्या आठवड्यात काकूंनी मोजले तेव्हा रेघा तीन होत्या, आणि त्यांतली एक गोळ्यांची होती.