हायड्रॉलिक जॅकच्या रॅमवरचा गंज पॉलिश पेपरने काढावा की अ‍ॅसिडने? आणि तो पुन्हा चढू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की काही महिने पडून राहिलेल्या ट्रॉली जॅकच्या बॉडीवर आणि रॅमवर गंज चढलाय. बॉडीवर पेपर आणि अ‍ॅसिड दोन्ही चालतं. रॅमवर मात्र अ‍ॅसिड अजिबात नको, आणि पेपरही सरसकट नको.

रॅम म्हणजे ऑइल सीलमधून आत-बाहेर सरकणारा दांडा. चांगल्या जॅकमध्ये त्यावर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कठीण मुलामा असतो, साधारण 20 ते 30 मायक्रॉन जाडीचा. 120 नंबरचा पेपर घेऊन जोर लावलात तर गंजाबरोबर क्रोमही उतरतं आणि उघडं पडलेलं लोखंड पुढच्या दमट हवेत लगेच गंज धरतं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्रोमच विरघळवतं, म्हणून बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड रॅमच्या आसपासही नेऊ नका. स्वस्तातल्या बऱ्याच जॅकचा रॅम तर नुसता ग्राइंड केलेला असतो, क्रोम नसतंच; तिथे आणखी जपून.

आधी रॅम पूर्ण बाहेर काढा, अर्थात जॅकवर लोड नसताना. फडक्याने पुसा आणि गंजाच्या ठिपक्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर गंज वरवरचा आहे. त्यावर हायड्रॉलिक ऑइल सोडा, तासभर मुरू द्या, मग 0000 नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने घासा. तेवढ्याने गेला नाही तरच 2000 नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून वापरा. हात दांड्याभोवती गोल फिरला पाहिजे, वर-खाली नाही. लांबीत पडलेला चरा सीलखालून तेलाला थेट वाट करून देतो. घासताना रॅमच्या बुडाशी, वायपर सीलच्या (रॅमवरची धूळ पुसणाऱ्या बाहेरच्या सीलच्या) वर, फडकं गुंडाळून ठेवा; नाहीतर भुकटी सीलच्या ओठात बसते आणि पुढे प्रत्येक स्ट्रोकला कानशीसारखं काम करते.

नख अडकलं तर तो खड्डा आहे. तो घासून भरत नाही, फक्त त्याच्या कडा बोथट करता येतात. सील जिथपर्यंत पोचत नाही अशा टोकाला असेल तर सोडून द्या. सीलच्या वाटेत असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत कापलं जाईल. मग रॅम बदलणं किंवा पुन्हा हार्ड क्रोम करून ग्राइंड करणं, हेच दोन मार्ग. छोट्या जॅकला दुसरा मार्ग क्वचितच परवडतो. पंपाचा बारीक प्लंजर, म्हणजे हँडल मारल्यावर आत-बाहेर होणारा छोटा दांडा, हाही असाच तपासा. तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

बॉडीचं काम सोपं आहे. वायर ब्रशने पापुद्रे काढा, थिनरने तेलकटपणा घालवा, फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाल्या रस्ट कन्व्हर्टरचे (उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर बनवणाऱ्या द्रावणाचे) दोन पातळ हात द्या, एक दिवस वाळू द्या, मग प्रायमर आणि इनॅमल. पिन आणि चाकांच्या एक्सलवर रंग नको, तिथे ग्रीस. वेल्डिंगच्या जोडावरचा गंज निघाल्यावर खाली तडा दिसला तर मात्र रंगकाम थांबवा, तो जॅक वापरायचा नाही.

आता आतलं तेल. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी मुरलंय, आणि बाहेरून कितीही चकाचक केलंत तरी सिलिंडर आतून गंजत राहील. रॅम खाली बसवा, तेल भरायच्या भोकाचा प्लग काढा, जॅक उलटा करून तेल काढा, ताजं तेल थोडं घालून हँडल मारा आणि तेही ओता. रॉकेलने आतून धुऊ नका, उरलेलं रॉकेल नव्या तेलाला पातळ करतं. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर आयएसओ व्हीजी 22 किंवा 32 (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर) हायड्रॉलिक ऑइल घाला, रॅम पूर्ण खाली असताना प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. ब्रेक ऑइल कधीच नाही: ते ग्लायकॉलचं असतं, जॅकमधली नायट्राइल रबराची सील त्यात फुगतात, शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. शेवटी रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडायचा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून दहा-पंधरा स्ट्रोक मारा, हवा निघून जाते.

पुन्हा गंज नको असेल तर सगळ्यात जास्त उपयोगाची सवय म्हणजे काम संपलं की रॅम खाली. आत असलेला रॅम तेलात असतो, वर राहिलेला हवेत. बराच काळ ठेवायचा असेल तर उघड्या भागावर पातळ ग्रीस लावा. पेनिट्रेटिंग स्प्रेचा थर काही दिवसांतच उडून जातो. जॅक ओल्या फरशीवर नको, खाली लाकडी फळी घाला. हवेवर चालणारा जॅक असेल तर एअर लाइनला वॉटर सेपरेटर लावा आणि कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा.

गाड्या उचलायची लिफ्टही असेल तर तिच्या वायर रोपला आणि चेनला हे उपाय लावू नका. अ‍ॅसिडमुळे त्यांचं कडक स्टील ठिसूळ होतं आणि ते न सांगता तुटतं. रोपच्या पिळांमधून तांबूस भुकटी येत असेल, तारा तुटलेल्या दिसत असतील किंवा चेनच्या कड्या आखडल्या असतील, तर ते साफ न करता बदलायचं.