‘माग’ आणि ‘शोध’ : बातमीतले पोलीस नेमकं काय करतात?

प्रश्न असा आहे : डोंगरात पळालेल्या आरोपीच्या एकाच बातमीत ‘शोध सुरू आहे’, ‘पोलीस मागावर आहेत’ आणि ‘मागमूस लागला नाही’ अशी तिन्ही वाक्यं येतात. यांत फरक आहे का? आणि मागमूसमधला ‘मूस’ कोण?

फरक आहे, आणि चांगला ठसठशीत आहे. शोध कशाचाही घेता येतो, कुठून सुरुवात करायची हे ठाऊक नसलं तरी. माग काढायला मात्र काहीतरी राहिलेलं लागतं : उमटलेलं पाऊल, दबलेलं गवत, विझवलेली चूल. संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग. ‘मागे’ही त्याच घरातला. तरी ‘पोलीस त्याच्या मागे लागले’ यात नुसती धावपळ आहे. ‘पोलिसांना त्याचा माग लागला’ यात हाती काही आलंय.

जुन्या न्यायव्यवहारात तर मागावर पैसे ठरत. चोराची पावलं ज्या गावाच्या शिवेत शिरली आणि बाहेर पडलेली दिसली नाहीत, त्या गावानं नुकसान भरून द्यायचं, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. गुजरातेत पाऊलखुणा ओळखणाऱ्याला पागी म्हणतात. पग म्हणजे पाऊल.

आता आपला मराठवाडा बघा. पाऊस उघडल्यावर काळ्या रानात बुटाची नक्षीसुद्धा उठते. पण बालाघाटाच्या मुरमाड माळावर किंवा अजिंठ्याच्या डोंगरातल्या कातळावर पाऊल उमटतच नाही. किनवट-माहूरच्या सागवानात पावसाळ्यात चार हातांवरचं दिसत नाही; उन्हाळ्यात लांबवर दिसतं, पण वाळक्या पानांवर पोलिसांचीच पावलं आधी वाजतात. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, दुसऱ्या अंगाला तेलंगणा, म्हणजे हद्दीचा प्रश्न आलाच. मोबाईलचं म्हणाल, तर जिथे टॉवर विरळ तिथे ‘लोकेशन’ म्हणजे काही किलोमीटरचा पट्टा.

‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले’ हे आपल्या बातम्यांतलं ठरलेलं वाक्य. माग तुटतो तो इथेच. बहुधा तिथून आरोपी गाडीवर बसलेला असतो आणि वास संपतो. यापुढे नाकाबंदी, खबरे, वाड्या-तांड्यांवर विचारपूस, म्हणजे शोध. त्या टप्प्यावर ‘मागावर आहेत’ लिहिणं ही पोलिसांवर दाखवलेली मेहेरबानी.

‘जंगल पिंजून काढले’ हेही असंच सैल वापरतात. कापूस पिंजताना पुंजका उरत नाही. रान पट्टे पाडून, माणसाला माणूस दिसेल एवढ्या अंतरानं चालत पाहिलं, तर पिंजलं म्हणावं. जीपमधून दोन फेऱ्या मारल्या, तर नाही.

राहिला मूस. खुणेच्या अर्थानं तो एकटा कुठे भेटत नाही, मागाच्या जोडीनंच येतो. आणि ही जोडी बहुधा नकारातच नांदते : ‘मागमूस नाही’, ‘मागमूसही उरला नाही’. आरोपी सापडायच्या बेतात असेल तर ‘माग लागला’ एवढंच लिहा. ‘मागमूस लागला’ कानाला खटकतं.